पहिल्या वर्षाच्या सोबतिणी : वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे नाशिकची आहेत आणि तिन्ही एकाच विषयाभोवती फिरतात: तान्ह्या बाळांच्या आयांनी एकमेकींना आधार द्यायचा तो कसा, आणि कुठवर. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून लिहिणारींची नावे अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे माहेर लातूरचे. बाळंतपण तिथेच झाले आणि तीन महिने पूर्ण झाल्यावर मी पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या फ्लॅटमध्ये परतले. पती अंबडच्या कारखान्यात पाळीने कामाला जातात, सासूबाई गावी असतात. आमच्याच सोसायटीत वर्षाच्या आतली बाळे असलेल्या आम्ही चौघी निघालो, म्हणून आठवड्यातून दोनदा जमायचे ठरवले. पहिल्याच दिवशी गाडी वजनांवर आली. माझी मुलगी साडेतीन महिन्यांची आहे. जन्मतः ती २ किलो ७०० ग्रॅम होती, आता ५ किलो ६०० ग्रॅम आहे. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा चार महिन्यांचा आणि ७ किलोचा. 'वरचे दूध सुरू कर' असा सल्ला मला तिथल्या तिथे मिळाला आणि त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. आमच्यातली सर्वांत लहान मैत्रीण, जिचे बाळ अडीच महिन्यांचे आहे, ती दोनदा येऊन गेली आणि आता येतच नाही. फोन उचलत नाही, दार उघडले तर डोळे सुजलेले दिसतात. हे जमणे चालू ठेवावे का? ठेवायचे तर कसे?
— एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर : आधी वजनाचे मिटवू, म्हणजे आज रात्री तरी तुम्ही झोपाल. बाळाचे वजन साधारणपणे पाचव्या महिन्यापर्यंत जन्मवेळच्या दुप्पट आणि वर्षाअखेरीस तिप्पट होते. तुमच्या मुलीने साडेतीन महिन्यांतच दुप्पट ओलांडली आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाळाचे ७ किलो हे चार महिन्यांच्या मुलग्याचे अगदी मधले वजन आहे. मुलींची रेघ मुळातच थोडी खालून जाते, म्हणून तर माता व बाल संरक्षण कार्डावर मुलग्यांचा आणि मुलींचा आलेख वेगवेगळा असतो. त्या आलेखावर तुमच्या मुलीचे ठिपके स्वतःच्या रेघेला धरून वर चढत असतील, दिवसाकाठी सहा किंवा त्याहून अधिक लंगोट ओले होत असतील आणि पोट भरल्यावर ती आपणहून स्तन सोडत असेल, तर वरच्या दुधाचा प्रश्नच उद्भवत नाही. सल्ला देणारीचा हेतू वाईट नसणार. पण वरचे दूध दिले की बाळ अंगावर तेवढे कमी ओढते, कमी ओढले की दूध कमी उतरते, आणि महिन्याभरात 'बघ, तुला दूध कमीच होते' असे म्हणायला सगळे मोकळे होतात.

आता मूळ प्रश्न. जमणे जरूर चालू ठेवा. आपल्याकडे बाळंतिणीची काळजी सव्वा महिन्याची मानली जाते. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशाताईही ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. त्यानंतरच्या त्यांच्या भेटी तिसऱ्या महिन्यापासून तीन-तीन महिन्यांच्या अंतराने ठरवलेल्या आहेत. म्हणजे रीत घ्या किंवा सरकारी कार्यक्रम घ्या, दोन्हींची दाट सोबत सहा आठवड्यांत संपते. जागरणे मात्र संपत नाहीत, आणि शेक-शेगडीच्या दिवसांत ज्या घरात पाच बायका वावरत होत्या तिथे दुपारी तीन वाजता बाळ आणि आई अशी दोघेच उरतात. तुमच्या चौघींचे जमणे नेमके या रिकाम्या जागेसाठी आहे. ते सल्ल्यांसाठी नाही, हे एकदा चौघींत मोकळेपणाने बोलून घ्या.

माझे पहिले मूल देवळाली कॅम्पात वाढले. तेव्हा शेजारच्या मावशींनी मला बाळाबद्दल एकही उपदेश केल्याचे आठवत नाही. त्या दुपारी दोनच्या सुमारास येत, मोरीतल्या बादलीत भिजत पडलेली दुपटी पिळून गच्चीवर वाळत घालत आणि 'तू नहाऊन घे, मी आहे' एवढे म्हणून पाळण्याच्या दोरीला हात लावत. मी केस धुऊन बाहेर येईपर्यंत त्या जागच्या हलत नसत. इतक्या वर्षांनंतर त्या वेळच्या डॉक्टरांचे चेहरे धूसर झाले आहेत, मावशींची ती दोरीवरची बोटे अजून दिसतात.

म्हणून काही गोष्टी आधीच ठरवून टाका. जिच्या घरी जमायचे तिने चहासुद्धा करायचा नाही. येणारीने थर्मास आणावा आणि जाताना कप धुऊन जावे. नाहीतर दुसऱ्या आठवड्यात पोहे, तिसऱ्यात ढोकळा असे होत जाते आणि घर आवरायला लागू नये म्हणून एकेक जण यायची टाळते. वेळ तासाभराचीच असावी, बाळांची आंघोळ उरकल्यावरची. थंडीत गच्चीवरचे कोवळे ऊन मिळाले तर उत्तमच. दुसरीच्या बाळाचे वजन, दात, पालथे पडणे यांची चौकशी आपण होऊन कोणी करू नये. बोलायला सुरुवात 'काल किती झोपलीस?' या प्रश्नाने करावी आणि उत्तर 'दोन तास' असे आले, तर तिचे बाळ घेऊन तिला आतल्या खोलीत पाठवावे. औषधाचे नाव, गुटी, ग्राइप वॉटर यांची देवाणघेवाण नको, ते डॉक्टरांकडे. ज्या घरात कोणाला ताप किंवा अंगावर पुरळ असेल त्या घरच्यांनी त्या आठवड्यात येऊ नये, कारण गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते आणि तुमची तीन बाळे तरी त्या वयाला पोहोचलेली नाहीत.

एक माहिती मात्र चौघींना पाठ असावी. बाळ शांत असताना पोटाची हालचाल पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा अधिक, आणि दोन महिन्यांपासून वर्षाच्या आत ५० किंवा अधिक श्वास भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाऊ लागला, तर दवाखाना गाठायचा. बाळाने दूध ओढणे सोडणे, झटके येणे, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप येणे, हेही सकाळपर्यंत थांबण्यासारखे नाही. अशा वेळी मैत्रिणीचे काम गाडी मागवण्याचे आणि बरोबर जाण्याचे, निदान करण्याचे नव्हे. पती रात्रपाळीला असताना हे किती मोलाचे ठरते ते तुम्हाला वेगळे सांगायला नको.

आता त्या न येणाऱ्या मैत्रिणीविषयी. तुमच्या पत्रातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच रडू येणे, चिडचिड होणे हे पुष्कळ जणींना होते आणि दोन आठवड्यांच्या आत ओसरते. तिचे बाळ मात्र अडीच महिन्यांचे आहे. सुजलेले डोळे, फोन न घेणे, माणसांना टाळणे हे इतक्या उशिरा दिसत असेल, तर ते प्रसूतीनंतरचे नैराश्य असू शकते. बाळ झोपलेले असतानाही झोप न लागणे, 'मी चांगली आई नाही' असे सारखे वाटणे, बाळाला घ्यावेसेच न वाटणे किंवा उलट त्याच्या काळजीने क्षणभरही दूर न होणे, ही त्याचीच लक्षणे होत. हा आजार आहे आणि तो उपचारांनी बरा होतो. अंगावर पाजत असतानाही घेता येतील अशी औषधे आहेत, त्यामुळे 'गोळ्या सुरू झाल्या की दूध बंद करावे लागेल' या भीतीने कोणी थांबू नये.

तिच्याकडे तिघी मिळून जाऊ नका. एकीनेच जा, आणि ती तुम्ही असलात तर बरे, कारण त्या पहिल्या बैठकीत दुखावल्या गेलेल्या तुम्हीही आहात. डबा घेऊन जा. 'बोलायची गरज नाही, मी नुसती बसते' असे सांगा. 'तुला काय कमी आहे, एवढे गोड बाळ आहे' हे वाक्य कितीही प्रेमाने म्हटले, तरी ते तिला आणखी एकटे पाडते, ते टाळा. ती बोलू लागली, तर मध्ये न तोडता ऐका आणि ऐकून झाल्यावर सरळ विचारा, 'स्वतःला किंवा बाळाला काही करून घ्यावे असा विचार मनात येतो का?' असे विचारल्याने तो विचार तिच्या डोक्यात शिरत नाही. असलाच तर बाहेर यायला वाट मिळते. उत्तर 'हो' असेल, किंवा ती असंबद्ध बोलत असेल, नसलेले आवाज ऐकू येतात म्हणत असेल, तर तिला आणि बाळाला एकटे न सोडता घरच्यांना सांगून त्याच दिवशी रुग्णालयात न्या. तसे नसेल, तर बाळाच्या पुढच्या लसीच्या दिवशी तिच्याबरोबर जा आणि डॉक्टरांपुढे विषय काढायला तिला मदत करा. एडिनबर्ग प्रश्नावली नावाची, मागच्या सात दिवसांविषयीच्या दहा प्रश्नांची एक सोपी चाचणी डॉक्टरांना माहीत असते. 'टेलि-मानस' ही शासनाची मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. फोन तुम्ही लावून तिच्या हातात द्या. क्रमांक लिहून देऊन निघून आलात, तर तो कागद बहुधा फ्रीजवरच राहील.

प्रश्न : मी सातपूरच्या एका लहान कारखान्यात हिशेबाचे काम पाहते. आम्ही तीसेक कर्मचारी आहोत. माझी २६ आठवड्यांची रजा पुढच्या महिन्यात संपेल. तोवर मुलगा सहा महिन्यांचा झालेला असेल. शेजारच्या मैत्रिणीची मुलगी आठ महिन्यांची आहे. ती म्हणते, 'दिवसभर मी दोघांना सांभाळते, आणि लागलेच तर तुझ्या लेकाला मीच पाजीन.' सासूबाई म्हणतात, निफाडकडे आमच्या लहानपणी असे सर्रास चालायचे. मला गहिवरून आले, पण मन घट्ट होत नाही. काय करावे?
— एक वाचक, सातपूर कॉलनी

उत्तर : अशी मैत्रीण मिळणे हे भाग्य आहे. तिच्या सांभाळण्याला हो म्हणा आणि पाजण्याला प्रेमाने नाही म्हणा. दूधभाऊ हा शब्द आपल्या भाषेत आहे, म्हणजे ती प्रथा होती हे सासूबाईंचे म्हणणे खरेच आहे. परंतु एचआयव्हीसारखा विषाणू दुधातून बाळापर्यंत पोहोचू शकतो, आई घेत असलेली काही औषधेही दुधात उतरतात, आणि मैत्रिणीला स्वतःलाही ठाऊक नसलेली गोष्ट तुम्ही तिला विचारू शकत नाही. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली, तेव्हापासून आपल्याकडे दान केलेल्या दुधाची पद्धत ठरलेली आहे: दात्या आईच्या तपासण्या होतात, दूध ६२.५ अंश सेल्सियसवर ३० मिनिटे तापवले जाते, आणि ते प्रामुख्याने दिवस भरण्याआधी जन्मलेल्या किंवा आजारी नवजात बाळांसाठी राखलेले असते. तुमच्या धडधाकट मुलाला त्याची गरज नाही, कारण तुमचे स्वतःचे दूध मागे ठेवून जाता येते.

कामावर रुजू होण्याच्या दोन आठवडे आधीपासून दिवसातून एकदा हाताने किंवा पंपाने दूध काढण्याचा सराव करा. पहिल्या दिवशी वाटीचा तळ जेमतेम झाकेल एवढेच निघाले, तर घाबरू नका. बाळ ओढते तितके हाताला कधीच निघत नाही. उकळून घेतलेल्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यात काढलेले दूध साध्या गारव्यात चार तास राहते. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, त्या दिवसांत त्या चार तासांवर विसंबू नका, लगेच फ्रीजमध्ये ठेवा; दारातल्या कप्प्यात नव्हे, आत मागच्या बाजूला. तिथे ते चार दिवस टिकते, पण वीज जाण्याचा भरवसा नसेल, तर दुसऱ्या दिवशी संपवलेले बरे. देताना डबा गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करावा, गॅसवर दूध तापवू नये. बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा आपले बोंडले वापरावे, कारण ते स्वच्छ ठेवणे सोपे जाते.

शिवाय सहा महिने पूर्ण झाले, की वरचे अन्नही सुरू होणार. मैत्रिणीला हे नीट सांगून ठेवा, कारण तिची मुलगी दोन-तीन महिन्यांनी मोठी असल्याने दोघांना एकच ताट वाढण्याचा मोह होईल. तुमच्या मुलाला आरंभी दोन-तीन चमचे, मग हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत, दिवसातून दोन-तीन वेळा पुरेसे आहे. मऊ मुगाची खिचडी तूप घालून, नाचणीचे सत्त्व, कुस्करलेले केळे, तुमच्याकडे चालत असेल तर पूर्ण उकडलेले अंडे. वरणाचे नुसते पाणी नको. चमचा तिरका केला तर घरंगळून न जाणारे, असे घट्ट हवे. मीठ, साखर आणि मध वर्षाच्या आत टाळावेत.

कारखान्याविषयीही एक लक्षात घ्या. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तरच पाळणाघराची सोय बंधनकारक आहे, ती तुम्हाला लागू होणार नाही. मात्र मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा स्तनपानासाठीची सुट्टी मिळण्याचा हक्क तुम्हाला आहे. सातपूर कॉलनीतून कारखाना जवळ असेल, तर त्यातली एक सुट्टी घरी येऊन पाजण्यात वापरता येईल. लांब असेल, तर कडी लागणारी एखादी खोली दूध काढण्यासाठी मागून घ्या. रुजू होण्याआधी लेखी अर्ज द्या. तोंडी बोलणे विसरले जाते.

आणि मैत्रिणीला पैसे द्या. किती, कोणत्या तारखेला, तिच्या घरी पाहुणे आले किंवा तिची मुलगी आजारी पडली तर पर्याय काय, हे आधी बोलून घ्या. 'आपल्यात कसला हिशेब' असे ती म्हणेल. तुम्ही हिशेबाचेच काम करता, तेव्हा हा एक तेवढा ठेवाच.

प्रश्न : मी पंचवटीत राहते, वय ६१. दोन मुले वाढवली, जावांची बाळंतपणे केली. आता नात चार महिन्यांची आहे. सुनेचा पाच-सहा आयांचा गट आहे आणि तिथे ठरेल तेच आमच्या घरात चालते. धुरी नाही, गुटी नाही, काजळ नाही, कानात तेल नाही, उन्हाळ्यात पाण्याचा थेंब नाही. सून बोलायला वाईट नाही, पण मी विचारले तर 'आई, ग्रुपमध्ये विचारते' म्हणते. आम्ही काय मुले मारली का? तुम्ही तरी सांगा.
— एक आजी, पंचवटी

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नातला राग मला समजतो, आणि तरीही तुम्ही लिहिलेल्या पाचही बाबतींत मला सुनेच्या बाजूने उभे राहावे लागत आहे. धुरीचा धूर नाजूक फुप्फुसांत जातो. काजळात शिसे असू शकते. कानात तेल घातल्याने जंतुसंसर्गाची भीती असते. गुटी उगाळून देताना सहाण आणि पाणी किती स्वच्छ राहते याचा नेम नाही, आणि ती मधात दिली तर वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून होणारा बोट्युलिझम हा दुर्मीळ परंतु गंभीर आजार होण्याचा धोका असतो. पाण्याचे म्हणाल, तर आईच्या दुधात ८० टक्क्यांहून अधिक पाणीच असते. उन्हाळ्यात नात जास्त वेळा प्यायला मागेल, तेवढे पुरे. तुम्ही मुले मारली नाहीत, ताई. त्या वेळी जे ठाऊक होते त्यातले उत्तमच तुम्ही केलेत. पुढे ठाऊक झाले ते सुनेला आयते मिळाले, इतकेच.

पण सुनेच्या गटाकडे जे नाही ते तुमच्याकडे आहे. पाच-सहा जणी, प्रत्येकीचे बहुधा पहिलेच मूल, आणि ओले, निसटते, रडणारे बाळ हातात धरायची प्रत्येकीलाच धास्ती. पाटावर बसून, पाय लांब करून, बाळाला नडग्यांवर पालथे घ्यायचे, हनुवटी आपल्या पावलांच्या खोबणीत येऊ द्यायची, म्हणजे नाकातोंडात पाणी जात नाही. पाणी आधी कोपराने पाहायचे. एक हात कधीही बाळावरून उचलायचा नाही. हे वाचून येत नाही, कोणाच्या तरी शेजारी बसून पाहावे लागते. हलक्या हाताची मालिश तशीच. दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढणे तसेच. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू तर विचारूच नका. त्या गटातल्या निम्म्या जणींना अळीव किती वेळ भिजवायचे हे माहीत नसेल.

सुनेला म्हणा, 'तुझ्या मैत्रिणींना एकदा आपल्याकडे बोलाव, मी नातीची आंघोळ घालून दाखवते.' त्या दिवशी काजळाचा विषय तुम्ही काढू नका. त्यांनी काढला, तर हसून ऐकून घ्या. शक्य असेल तर त्यांच्यापैकी एखादीच्या सासूबाईंनाही या म्हणावे, म्हणजे तुम्हालाही बोलायला कोणी राहील. बुधवारी गंगेवर बाजार असतो आणि रिक्षा मिळत नाही, तेव्हा गुरुवार ठरवा, सकाळी दहाच्या सुमाराला, बंबातले पाणी तापलेले असताना.